कुणी पाहिलं होतं?

एकाच घरातली दोन मुलं घ्या. मुलगी सांगलीला, राज्य मंडळाच्या शाळेत दहावीला. तिचा मावसभाऊ सौदी अरेबियात अबकैकला आई-वडिलांजवळ, तोही दहावीला, पण दम्मामच्या सीबीएसई शाळेत. मुलीच्या हातात बालभारतीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' आहे, आणि त्यातला पहिलाच धडा आहे 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. मुलाच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातही असाच धडा होता. २०२२ साली एनसीईआरटीने पुस्तकांची छाटणी ठरवली आणि त्या धड्याचं नाव अर्धं झालं. आनुवंशिकता राहिली, उत्क्रांती गेली.

काय काय कापलं त्याची यादी एकदा वाचाच. डार्विनवरची चौकट गेली. पृथ्वीवर जीव कसा सुरू झाला, ते गेलं. माणसाची उत्क्रांती गेली. आणि एक लहानशी चौकट गेली, तिचा विषय होता: जीवाश्म थरावर थर कसे तयार होतात. करोनानंतर मुलांवरचं ओझं कमी करायचं, हे कारण सांगितलं गेलं. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी सह्या करून जाहीर पत्र काढलं, धडा परत आणा म्हणून. उत्तर आलं की बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच. बारावीला जीवशास्त्र घेतात किती मुलं? कॉमर्सला जाणारी, आर्ट्सला जाणारी, पीसीएम घेऊन इंजिनिअरिंगची तयारी करणारी, या सगळ्यांची उत्क्रांतीशी शाळेत गाठच पडणार नाही. यातलीच काही पुढे इंजिनिअर होतील, काही मंत्री, काही शिक्षक.

पण माझं भांडण एवढ्यापुरतं नाही. पुस्तकातून धडा काढला म्हणून मुलांच्या डोक्यातला प्रश्न जात नाही. पंधरा वर्षांचं पोर विचारणारच, "सर, माणूस आला कुठून?" पुस्तकात उत्तर नसलं की सरांना ते स्वतःच्या घरातून आणावं लागतं. आईने सांगितलेलं, देवळात, मशिदीत, चर्चमध्ये ऐकलेलं. छाटणीने ओझं किती कमी झालं ठाऊक नाही, पण विज्ञानाच्या तासाला शिक्षकाच्या खाजगी श्रद्धेसाठी एक खुर्ची मात्र रिकामी करून दिली. शिक्षकाने तिथे बसायचं ठरवलेलंही नव्हतं, त्याला बसवलं.

आता हे अबकैकच्या बाबतीत का बोलतो आहे ते सांगतो.

अबकैक म्हणजे धहरानच्या नैऋत्येला साठेक किलोमीटरवरचं तेलाचं गाव. १९४० मध्ये इथलं तेलक्षेत्र सापडलं. मॅक्स स्टाइनिके हा भूगर्भशास्त्रज्ञ आणि खमीस बिन रिमथान हा अजमान टोळीतला वाटाड्या, या दोघांनी पूर्व प्रांताचं वाळवंट पायाखाली घातलं, थरांचे उतार मोजले, वाळूखाली खडकाला कुठे फुगवटा असेल याचे अंदाज बांधले. जगातला सगळ्यात मोठा कच्च्या तेलाचा प्रक्रिया प्रकल्प आज याच गावात आहे. १४ सप्टेंबर २०१९ च्या हल्ल्यात इथल्या गोलाकार स्फेरॉइड टाक्या आणि स्टॅबिलायझर मनोरे पेटले तेव्हा देशाचं निम्म्याच्या आसपास उत्पादन थांबलं आणि सोमवारी सकाळी जगभरच्या बाजारांत तेलाचे भाव उसळले. आपली माणसं या भागात ऑपरेटर आहेत, इन्स्ट्रुमेंटवर आहेत, सेफ्टीत आहेत, मेन्टेनन्सच्या शटडाउनला कंत्राटदाराकडून आलेली आहेत.

हे तेल येतं अरब-डी नावाच्या थरातून. हा चुनखडक उत्तर जुरासिक काळातला, साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म जीवांचे अवशेष खालच्या चिखलात गाडले गेले, दाबाखाली शिजले, त्यांचं तेल झालं, ते वर सरकून सच्छिद्र चुनखडकात साठलं, आणि वर ॲनहायड्राइटच्या घट्ट थराने झाकण घातलं. अबकैकच्या प्रत्येक पगारात हा समुद्र आहे.

एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. आडवी विहीर खणताना ड्रिलचं टोक हजारो फूट खाली असतं, आणि तेलाचा थर कधी कधी जेमतेम काही फुटांचा. टोक थरात आहे की वर-खाली भरकटलं हे समजायचं कसं? सौदी अराम्कोच्या सूक्ष्मजीवाश्म तज्ज्ञांनी यासाठी एक पद्धत बसवली, तिला बायोस्टिअरिंग म्हणतात. रिगवर चिखलाबरोबर वर येणारे खडकाचे तुकडे, म्हणजे कटिंग्ज, धुवून घ्यायचे. त्यांचा कागदापेक्षा पातळ काप काचपट्टीवर घासून तयार करायचा. तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला की फोरॅमिनिफेरा दिसतात, वाळूच्या कणाएवढे समुद्री जीव, कुणाच्या कवचाला गोल वेटोळं, कुणाला ओळीने कप्पे. कोणत्या थरात कोणती जात असते याचा क्रम माहीत असतो. त्या जातीवरून तज्ज्ञ ड्रिलरला सांगतो, वर घ्या, खाली घ्या.

यावर कुणी म्हणेल, जीवाश्मांचा क्रम तर डार्विनच्या आधीच माहीत होता. अगदी बरोबर. विल्यम स्मिथने इंग्लंडचा भूगर्भीय नकाशा १८१५ मध्ये काढला, थरांतल्या शिंपल्यांवरून थर ओळखून. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ मध्ये. क्रम आधी डोळ्यांना दिसला, तो असा का, याचा उलगडा नंतर झाला. विज्ञान असंच चालतं, आणि शाळेत नेमकं हेच शिकवायचं असतं. थरावर थर जीवाश्म कसे साचतात ही चौकट दहावीच्या पुस्तकातून गेली, आणि मुलाच्या बापाचं तेलाचं गाव त्याच माहितीवर चालतं.

मग शिक्षकांकडे वळू. पूर्व प्रांतातल्या पालकांशी बोललं की एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा ऐकू येतं. जीवशास्त्राचा तास, बारावीचा वर्ग, धडा उत्क्रांतीचा. शिक्षक पुस्तक मिटतात आणि म्हणतात, "हे परीक्षेपुरतं पाठ करा. खरं काय ते तुम्हाला घरी शिकवलेलंच आहे." शाळा कुठली ते सांगत नाही. तसं बोलणारे शिक्षक एकाच धर्माचे नाहीत, हेही पालकांनीच सांगितलं.

हे वाक्य मला उघड प्रवचनापेक्षा जास्त घातक वाटतं. उघड प्रवचनाविरुद्ध तक्रार करता येते. इथे मात्र शिक्षकाने मुलाला दोन गोष्टी एका दमात शिकवल्या: विज्ञान हे मार्कांसाठी लिहायचं खोटं असतं, आणि उत्तरपत्रिकेत एक लिहून मनात दुसरंच मानणं हा शहाणपणा आहे. त्या मुलाला पुढे लसीबद्दल सांगा, हवामानाबद्दल सांगा, तो तसंच डोकं हलवेल.

आखातातल्या भारतीय शाळेची स्टाफरूम डोळ्यांसमोर आणा. कोट्टयमच्या ख्रिस्ती बाई, हैदराबादचे मुसलमान सर, नागपूरच्या बौद्ध मॅडम, पुण्याचे ब्राह्मण सर. शिक्षकाची सृष्टीविषयीची श्रद्धा वर्गात चालते असं एकदा ठरवलं तर कुणाची चालणार? सहा दिवसांत जग घडलं, मातीपासून आदम घडला, विराट पुरुषाच्या अंगांपासून सृष्टी आणि वर्ण निघाले, की जगाच्या आरंभाची चर्चाच निरर्थक, जसं बुद्धाने ते प्रश्न बाजूला ठेवले? पहिल्या तासाला एक, चौथ्या तासाला दुसरं? श्रद्धा वर्गात आणा म्हणणारा प्रत्येक जण मनात स्वतःचीच श्रद्धा धरून बोलत असतो. शेजारच्याची आली की तोच पहिला मुख्याध्यापकांच्या केबिनपाशी उभा राहतो.

सौदीत राहणाऱ्या मराठी माणसाला तर हे कुणी समजावायला नको. इथे इस्लामखेरीज दुसऱ्या धर्माची सार्वजनिक पूजा चालत नाही. गणपती बसतो तो घरात, दार लावून, आवाज बेताचा ठेवून. ही सक्ती आहे, आणि सक्तीचं मी समर्थन करत नाही. पण तिच्यातून प्रत्येक घराने एक गोष्ट अनुभवली आहे: श्रद्धा चार भिंतींत राहिली म्हणून विझत नाही. त्याच घरातला माणूस जेव्हा म्हणतो की विज्ञानाच्या तासाला आपले दशावतार सांगितले तर काय बिघडलं, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

दशावतारांचं बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे ही पळवाट फार आवडती आहे. मत्स्य, मग कूर्म, मग वराह, मग नरसिंह. पाण्यातून जमिनीवर, पशूतून माणसात. म्हणजे आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. जानेवारी २०१९ मध्ये पंजाबात भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या तेव्हाच्या कुलगुरूंनी हे व्यासपीठावरून मांडलं, दशावतार डार्विनपेक्षा सरस म्हणाले. ही जुळणी गाजवली ती थिऑसॉफीवाल्या ब्लाव्हॅट्स्कीबाईंनी, १८७७ च्या पुस्तकात. डार्विनचं पुस्तक तेव्हा अठरा वर्षांचं झालं होतं. उत्तर हातात आल्यावर गणित जुळवणं सोपं असतं. पण खरी अडचण याहून मोठी आहे. उत्क्रांती सांगते की अमुक वयाच्या खडकात अमुक प्रकारचा प्राणी मिळेल आणि अमुक मिळणार नाही. जुन्या खडकात सशाचं हाड सापडलं तर सिद्धांत कोसळेल, आणि हे तिने आधीच कबूल केलेलं आहे. दशावतार असं कोणतं विधान करतात, जे खोटं ठरू शकेल? करत नाहीत, आणि करायची गरजही नाही. ती कथा देवाच्या करुणेची आहे. तिला जीवशास्त्राच्या परीक्षेला बसवणं हा त्या कथेचाच अपमान आहे. कीर्तनात ती ऐकताना माझेही डोळे भरतात.

आणि आता ते जुनं वाक्य, 'कुणी पाहिलं होतं?' जानेवारी २०१८, औरंगाबाद. वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, अभ्यासक्रमातून बदलायला हवा, कारण माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कुणी सांगितलेलं नाही की लिहिलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून हे खोडलं. सिंह यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही असं बोलणं टाळा म्हणून सांगितलं. महाराष्ट्राच्या भूमीवर हे घडलं याचं मला दुःख आहेच, पण त्याहून जास्त आश्चर्य बोलणाऱ्याचं. सत्यपाल सिंह मुंबईचे पोलीस आयुक्त होते. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नसलेले किती खून त्यांच्या खात्याने उलगडले असतील! रक्ताचा डाग, बोटांचे ठसे, मोबाइलचं टॉवर लोकेशन, डीएनए. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पूर्ण असेल तर न्यायालय जन्मठेप देतं. एका माणसाला आयुष्यभर तुरुंगात ठेवायला जो पुरावा पुरतो, तो दहावीच्या धड्याला पुरत नाही?

शिवाय माकडाचा माणूस झाला असं उत्क्रांती म्हणतच नाही. आजची माकडं आणि आपण, दोघांचे पूर्वज मागे कुठे तरी एक होते, असं ती म्हणते. आणि ते 'कुठे तरी' शोधायला अबकैककरांना फार लांब जावं लागत नाही. याच पूर्व प्रांतात, अद-दबतियाला, कपिवर्गातल्या एका प्राण्याच्या वरच्या जबड्याचा तुकडा आणि दात सापडले. सुमारे एक कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वीचे. १९८७ मध्ये त्याला नाव मिळालं हेलिओपिथेकस. पश्चिमेला मक्केच्या बाजूला, २००९ मध्ये, सौदी भूगर्भ सर्वेक्षणाबरोबर काम करणाऱ्या मिशिगन विद्यापीठाच्या इयाद झलमूत यांना एक कवटी सापडली, दोन कोटी ऐंशी लाख वर्षांहून जुनी. ती माकडं आणि कपी यांच्या वाटा फुटल्या त्या काळाच्या जवळची. तिचं नाव सादानियस हिजाझेन्सिस, पुढच्या वर्षी 'नेचर'मध्ये छापून आलं. आणि उत्तरेला नफूदच्या वाळवंटात, अल वुस्ताला, आटलेल्या तळ्याच्या गाळात माणसाच्या बोटाचं हाड मिळालं, तीन सेंटिमीटरच्या आसपास लांबीचं, पंच्याऐंशी हजार वर्षांहून जुनं. हे उत्खनन सौदी सरकारच्या खात्यांच्या सहभागाने झालं. धर्माचं राज्य असलेला देश आपल्या वाळूतून हे बाहेर काढून जगापुढे ठेवतो.

शाळेत मात्र तो देशही अडखळला. २०१० च्या सुमारास अभ्यासकांनी सौदीची शालेय पुस्तकं तपासली तेव्हा बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा उल्लेख होता तो ती नाकारण्यासाठी. त्याच अभ्यासात शेजारच्या इराणची पुस्तकंही होती. इस्लामी प्रजासत्ताक, मौलवींचं राज्य, आणि तिथल्या मुलांना उत्क्रांती व्यवस्थित शिकवली जात होती. तुर्कस्तानने २०१७ मध्ये ती नववीच्या अभ्यासक्रमातून काढली. धर्म तिन्ही ठिकाणी एकच. तेव्हा 'आमचा धर्म आडवा येतो' हे कारण कुणी देऊ नये. आडवी येतात ती अभ्यासक्रम ठरवणाऱ्या टेबलाभोवतीची माणसं.

शिक्षकाने श्रद्धा सोडावी असं मी मुळीच म्हणत नाही. उलट त्याच्या सद्सद्विवेकाला कायद्याचं कवच असलंच पाहिजे. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, त्याची वेतनश्रेणी अडवली गेली, तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये जिंकला. शिक्षकाला हात जोडायची सक्ती करता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्या शिक्षकाबद्दल मला आदर आहे. पण हाच न्याय पुढे चालवा. शाळा शिक्षकाकडून हात जोडून घेऊ शकत नसेल, तर शिक्षकही मुलाकडून आपल्या देवाला हात जोडून घेऊ शकत नाही. आणि पंचेचाळीस मिनिटांच्या तासात, हातात मार्क असलेल्या माणसाने 'खरं काय ते तुम्हाला माहीत आहे' म्हणणं, हे हात जोडून घेणंच आहे.

अमेरिकेतल्या डोव्हर गावची गोष्ट आपल्या शिक्षकांनी माहीत करून घ्यावी. २००४ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने ठरवलं की जीवशास्त्राच्या तासाआधी एक निवेदन वाचायचं, डार्विनमध्ये त्रुटी आहेत आणि 'बुद्धिमान रचना' हा पर्याय आहे, अशा आशयाचं. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. शेवटी प्रशासनाची माणसं वर्गात येऊन वाचून गेली. पालक कोर्टात गेले. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकाल दिला की ही रचना म्हणजे धर्मच आहे, विज्ञानाच्या तासाला तिला जागा नाही. जोन्स यांना नेमलं होतं रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनी. पालकांच्या बाजूचे मुख्य तज्ज्ञ साक्षीदार केनेथ मिलर, जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे लेखक आणि श्रद्धावान कॅथलिक. रविवारी चर्चला जाणारा माणूस सोमवारी कोर्टात उत्क्रांतीच्या बाजूने उभा राहिला, आणि त्याला त्यात काही तुटलं असं वाटलं नाही.

मला असा शिक्षक हवा आहे. "मी नमाज पढतो, मी गणपती बसवतो, तो माझा आणि देवाचा प्रश्न. आता हा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघ आणि तुला काय दिसतं ते लिही," असं म्हणणारा. मुलाने विचारलंच, "सर, मग देव?" तर "घरी विचार, आजीला विचार, मोठा झालास की स्वतः वाच, या तासाला त्याचं उत्तर द्यायचा मला अधिकार नाही," असं सरळ सांगणारा. असे शिक्षक आहेत. छाटलेल्या पुस्तकाने त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली आहे. अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवता म्हणून त्यांच्यावरच तक्रार जाऊ शकते.

तेव्हा अबकैक, दम्माम, जुबैलच्या पालकांना माझं उघड सांगणं आहे. सौदीतल्या भारतीय दूतावासाच्या छत्राखालच्या शाळांत पालकांची व्यवस्थापन समिती असते. फी, बस, एसी यावर तिथे तासन्‌तास बोललं जातं. पुढच्या सभेला हा विषय घ्या. दहावीचा कापलेला भाग शाळेत पूरक पाठ म्हणून शिकवायला सांगा. जुनं पुस्तक अनेकांच्या घरी मोठ्या भावंडाचं पडलेलं असेल. बालभारतीचा तोच धडा मराठीत आहे, संकेतस्थळावर फुकट मिळतो, तो मुलांना आपापल्या घरी वाचायला द्या. तुमच्यातलं कुणी रिगवर किंवा भूगर्भ विभागात असेल तर कंपनीची रीतसर परवानगी काढून चार काचपट्ट्या आणि एक सूक्ष्मदर्शक घेऊन शाळेत जा. बारावीला धडा उरकणाऱ्या शिक्षकाची तक्रार करण्याआधी त्यांच्याशी बोला. अनेकदा ते पालकांनाच घाबरून पुस्तक मिटत असतात, आणि तुम्ही पाठीशी आहात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि एनसीईआरटीला लिहा. नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं तयार होतच राहणार आहेत. बारावीची वाट न पाहता, दहावीपर्यंतच्या प्रत्येक मुलाच्या हातात हा धडा पुन्हा पडला पाहिजे, एवढीच मागणी. खाली सही, आणि पत्त्यात अबकैक.